रिसॉर्टसाठी जागा बघायचीय? मग उजनी मे महिन्यात बघा

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग इतिहासाचा आहे, पण त्यात लढाई नाही आणि तहही नाही. आजचा प्रश्न एकदम साधा आहे: माणसानं मुक्कामाला कुठे थांबायचं, हे ठरतं कसं?

हा प्रश्न निघाला एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून. मुलगा इंदापूर तालुक्यातला. म्हणाला, "ताई, आमची दोन एकर उजनीच्या बॅकवॉटरला लागून आहे. पुण्याचा एकजण म्हणतोय जमीन तुझी, पैसा माझा, रिसॉर्ट टाकू. व्ह्यू एक नंबर आहे. पप्पा म्हणतात ऊस काय वाईट आहे? तुम्ही इतिहासाचं सांगता, तर यावर काही सांगता का?"

आधी मला हसू आलं. रिसॉर्टचा सल्ला आणि मी! पण मग वाटलं, बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मुक्कामाच्या जागा निवडण्याचा इतिहास किमान साडेतीनशे वर्षांचा आहे. तो नीट पाहिला तर या मुलाला उत्तर मिळेल. चला तर.

पायांनी निवडलेल्या जागा

सुरुवात पालखीपासून. तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये देहूहून पालखी सोहळा सुरू केला असं मानलं जातं. आजही ही पालखी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाते. उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. ही नावं तुम्ही आषाढात बातम्यांमध्ये ऐकलेली असतात. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीचं गोल रिंगण, रील्समध्ये पाहिलंच असेल.

आता या मुक्कामांमधलं अंतर बघा. साधारण पंधरा-वीस किलोमीटर, कुठे थोडं कमी, कुठे जास्त. म्हणजे डोक्यावर तुळस, खांद्यावर पताका, सोबत म्हातारीकोतारी माणसं आणि अभंग म्हणत म्हणत एका दिवसात चालून होईल एवढं. तिथे पाणी हवं, हजारो माणसं टेकतील असं मैदान हवं आणि त्यांना भाकरी घालणारं गाव हवं. सणसरला मुक्काम का? तिथला सूर्यास्त सुंदर दिसतो म्हणून नक्कीच नाही. तिथपर्यंत पाय पोचतात आणि तिथे माणसं वाट बघत असतात, म्हणून.

देवस्थानांचंही तसंच. बारामती तालुक्यातलं मोरगाव कऱ्हेच्या काठी. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर, जिथे नीरा आणि भीमा एकत्र येतात. नरसिंह हे कितीतरी घरांचं कुलदैवत, त्यामुळे लग्न झालं की जोडपं तिथे जाणार, मूल झालं की पुन्हा जाणार. अशा ठिकाणी राहायची सोय आपोआप उभी राहते, कारण येणाऱ्या माणसाकडे येण्याचं पक्कं कारण असतं.

बारामतीतही कऱ्हेकाठी बाबूजी नाईक जोशींची गढी आहे. पेशव्यांचे सोयरे आणि सावकार असलेलं हे घराणं. त्यांच्याच आश्रयाला पन्हाळ्याहून आलेले कवी मोरोपंत (1729–1794) बारामतीत राहिले आणि इथेच वारले. पाहुणा म्हणून आलेला कवी गावाचा झाला, कारण त्याला इथे काम होतं. रोज पुराण सांगायचं आणि आर्या लिहायच्या.

तर हा पहिला धडा. मुक्कामाची जागा कामामुळे ठरते.

साहेबाचा बंगला

आता इंग्रजांच्या काळात येऊ. हा सगळा पट्टा अवर्षणाचा. सह्याद्री ढग अडवतो आणि इथे वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ पडला. त्या काळात दुष्काळी कामं म्हणून नीरा डाव्या कालव्याची खोदाई झाली. पोटासाठी खडी फोडणाऱ्या माणसांच्या हातून तो कालवा झाला. भाटघरच्या धरणातून पाणी आलं आणि पुरंदर, बारामती, इंदापूर असा हा कालवा वाहू लागला. बारामतीचा ऊस, साखर कारखाने, सहकार, पुढचं राजकारण, सगळ्याच्या मुळाशी हा कालवा आहे.

कालवा आला तसे कालव्याचे बंगलेही आले. इरिगेशनच्या साहेबानं घोड्यावरून पाहणी करत यायचं, कुठे पाणी फुटतंय का, कोण चोरतंय का बघायचं आणि संध्याकाळी बंगल्यावर उतरायचं. म्हणून असे इन्स्पेक्शन बंगले टप्प्याटप्प्यानं बांधले जात. उंच जोतं, चारी बाजूंनी व्हरांडा, भोवती वड आणि चिंचेची झाडं. आज असा बंगला बघितला की आपण म्हणतो, "काय लोकेशन आहे राव!" पण ते लोकेशन कोणी व्ह्यूसाठी शोधलेलं नव्हतं. घोड्याची एका दिवसाची मजल आणि कालव्याची देखभाल, एवढाच हिशोब. सावली नंतर आली. झाडं लावली, ती वाढली.

इथे एक गोष्ट मला नेहमी खटकते, ती सांगते. बंगल्याच्या व्हरांड्यात बसलेल्या साहेबाचं नाव कागदोपत्री सापडतं. कालवा खोदणाऱ्या बाईचं नाव सापडत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उजनीवर पुन्हा याच गोष्टीशी यायचंय.

पळशीवाडीचा प्रयोग

एकदम आजच्या काळात उडी मारू. 2005 च्या सुमारास बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटन सुरू केलं. तेव्हा लोकांना हे वेड वाटलं असणार. पळशीवाडीत समुद्र नाही, किल्ला नाही, थंड हवा नाही. जिरायती भाग. रिसॉर्टचा कुठलाही सल्लागार "पुढे चला" म्हणाला असता.

पण तिथे एक गोष्ट होती जी महाबळेश्वरच्या हॉटेलात नसते. चालू शेती. गोठा, विहीर, बैलगाडी, चुलीवरची भाकरी, हुरडा. शहरातली पोरं शेंगा झाडाला लागतात की जमिनीखाली, यावर वाद घालत होती. त्यांच्यासाठी हे सगळं नवीनच. आजोबा-आजीचं गाव नसलेल्या पिढीला दिवसभरासाठी गाव मिळालं. हा प्रयोग चालला, पुढे महाराष्ट्रभर शेकडो शेतकऱ्यांनी केंद्रं उघडली आणि 2020 मध्ये राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं स्वतंत्र धोरण आणलं.

यातली खरी मेख अशी की पाहुणा आला नाही तरी शेती चालूच राहते. पावसाळ्यात महिनाभर कोणी फिरकलं नाही तर खोल्या रिकाम्या राहतील, पण गायी दूध देतील आणि बाजरी उगवेल. जागा निवडताना पाहुण्यांशिवाय ती जागा पोट भरते का, हे आधी बघितलेलं होतं.

आता उजनी

आता आपल्या मित्राच्या दोन एकरांकडे येऊ.

भीमेवरच्या उजनी धरणाची पायाभरणी 1966 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाली आणि 1980 मध्ये ते पूर्ण झालं. धरण सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, पण त्याचं पाणी मागे सरकत करमाळा, इंदापूर, दौंडपर्यंत पसरतं. जलाशयाचं नाव यशवंतसागर. पुण्याहून सोलापूर हायवेनं शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवण, आणि तिथून डाव्या हाताला पाणीच पाणी.

एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यातला उपयुक्त, म्हणजे दरवाजे आणि कालव्यांतून सहज सोडता येईल असा, साधारण 53 ते 54 टीएमसी. उरलेला 63 टीएमसीहून जास्त मृत साठा. आता बातम्यांमध्ये "उजनी उणे 30 टक्के" असं ऐकून तुम्ही चक्रावला असाल. धरण उणे कसं होईल? तर उपयुक्त साठा संपला की शून्य टक्के. त्याखालच्या मृत साठ्यातलं पाणी काढायला लागलं की उणे. 2024 च्या जून महिन्याच्या सुरुवातीला उजनी जवळपास उणे 60 टक्क्यांपर्यंत गेलं होतं.

धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटर. उपयुक्त साठा संपतो तेव्हा 491.03 मीटर. फरक किती? 5.80 मीटर, दुमजली घराएवढा. वाटतं, एवढंच? पण भीमेचं खोरं उतरंडीचं नाही, सपाट आहे. समजा तुमच्या जमिनीला शंभर मीटरला एक मीटर एवढा उतार आहे. मग पाणी 5.80 मीटर खाली गेलं की काठ 580 मीटर लांब जातो. आणि ते फक्त शून्य टक्क्यांपर्यंत. उणे झालं की आणखी पुढे.

म्हणजे ऑक्टोबरमध्ये पार्टनरला दाखवलेला "वॉटरफ्रंट" मे महिन्यात चिखलाचं आणि भेगांचं मैदान असतो. स्विमिंग डेकवर उभं राहिलं की समोर पाण्याऐवजी बाभळी आणि मोटारींचे पाइप. आणि शाळांच्या सुट्ट्या कधी असतात? मे महिन्यात!

हे पाणी तिथल्या व्ह्यूसाठी अडवलेलंच नाही. ते सोलापूरला प्यायला आणि शेतीच्या आवर्तनाला जाण्यासाठी आहे. कधी सोडायचं, ते कालवा समितीत ठरतं. रिसॉर्टवाल्याला तिथे कोणी विचारणार नाही, आणि विचारूही नये.

पक्ष्यांचं लोकेशन

आता याची दुसरी बाजू ऐका. भिगवणला पर्यटक येतात कशासाठी? फ्लेमिंगोसाठी. आपल्याकडे त्याला रोहित म्हणतात, कोणी अग्निपंख म्हणतं. आणि रोहित कधी येतो? पाणी उतरायला लागलं की. त्याला खोल पाणी नकोच असतं. त्याची चोच उथळ पाण्यातला गाळ गाळून खाण्यासाठी बनलेली असते. म्हणजे जे पाणी ओसरणं रिसॉर्टचा व्ह्यू घालवतं, तेच पाहुणे आणतं.

जवळच भादलवाडीचा तलाव आहे. तिथे चित्रबलाक पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर घरटी करतात. पाणी असलं की साप-मांजर वर येत नाही, हा त्यांचा हिशोब. पाणी आटलं तर ते तिथे थांबत नाहीत. इंदापूर शहरात तर तहसील कचेरीच्या आवारातल्या झाडांवर त्यांनी वसाहत केलीय. पक्षी दरवर्षी जागा नव्यानं तपासतात. आपण मात्र एकदा सिमेंट ओतलं की वीस वर्षं अडकतो.

मग इथे कोणाचं जमलं? कुंभारगाव, डिकसळ भागातल्या मच्छीमार कुटुंबांचं. त्यांच्याकडे नाव होती, रोज पाण्यावर जाणं होतं, आज पक्षी कुठे बसलेत हे माहीत होतं. पहाटे पाहुण्यांना नावेतून न्यायचं आणि घरी आणून चिलापीचं कालवण-भाकरी वाढायची. हळूहळू घराला दोन खोल्या जोडल्या. काठ अर्धा किलोमीटर सरकला तर नाव तिकडे न्यायची. घर आहे तिथेच, गावात.

आणि भिगवणच्या माशाच्या खानावळी बघा. त्या पाण्याच्या काठावर नाहीत, हायवेला आहेत. मासा पाण्यात असतो, पण भुकेला माणूस हायवेवर असतो.

कॅलिफोर्नियाची गोष्ट

असं फक्त आपल्याकडे झालंय असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1905 मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी कालवा फोडून एका खोलगट वाळवंटात शिरलं. ते थांबवायला 1907 उजाडलं. तोवर मोठं तळं झालं होतं, सॉल्टन सी. पुढे 1950-60 च्या दशकात त्याच्या काठी हॉटेलं, मोटरबोटी, क्लब. 1959 मध्ये नॉर्थ शोअरचा यॉट क्लब उघडला. लोकांनी प्लॉट घेतले. मग 1970 च्या दशकात पाणी वाढून काठावरच्या इमारतींत शिरलं. नंतर खारटपणा वाढला, मासे मरून काठाला लागले, आणि पुढे पाणीच मागे हटत गेलं. माणसानं केलेल्या तळ्याचा काठ कायमचा आहे, असं समजून बांधलं गेलं होतं.

पाण्याखालचं गाव

आता ती गोष्ट, जिच्याकडे मी परत येते म्हणाले होते.

इंदापूर तालुक्यात हायवेला पळसदेव लागतं. हे नवं गाव. जुनं पळसदेव उजनीत आहे. तिथलं पळसनाथाचं प्राचीन मंदिर बहुतेक वर्षं पाण्यातच असतं. पाणी खूप खाली गेलं की आधी शिखर दिसतं, मग मंडप, मग वीरगळ. मग बातम्या येतात, ड्रोन उडतात, लोक फोटो काढायला गर्दी करतात.

पण त्या गर्दीत काही म्हातारी माणसं असतात, जी मंदिराकडे बघत नाहीत. ती बाजूच्या चिखलात जोत्याचे दगड शोधत असतात. इथे आमचा वाडा होता, इथे पिंपळ होता, इथून मी शाळेला जायचे. आपण ज्याला व्ह्यू म्हणतो ते त्यांचं घर आहे.

धरणाचं काम 1966 ला सुरू झालं. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला 1976 मध्ये. दहा वर्षांनी! मधल्या काळात घरं गेली, काळी माती गेली, आणि जमिनीच्या बदल्यात जमीन हा हक्क कागदावर यायचा होता. पाणी सोलापूरला गेलं ते गरजेचंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण किंमत कोणी मोजली, ते कालव्याच्या खोदकामासारखंच पुसट होत चाललंय.

पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन, तिला गाळपेर म्हणतात. ती सरकारनं संपादित केलेली असते आणि तात्पुरती, पीक घेण्यापुरती भाडेपट्ट्यानं दिली जाते. विस्थापित कुटुंबं आपल्याच जुन्या शिवारात भाडं भरून हरभरा पेरतात. तिथे कोणी कुंपण घालून "प्रायव्हेट बीच" करू लागलं तर त्या कुटुंबाचं शेत दुसऱ्यांदा जाईल.

पाण्याची दुसरी बाजूही विसरू नका. 21 मे 2024 ला करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जण गेले. मौजेला निघालेली माणसं नव्हती ती. रस्त्यानं मोठा वळसा पडतो म्हणून रोज लोक असंच पाणी ओलांडत होते. बोटिंगचा बोर्ड लावण्याआधी त्या संध्याकाळचा विचार करायलाच हवा. लाइफ जॅकेट, वाऱ्याचा अंदाज, बोट थांबवायचा अधिकार कोणाचा, हे सगळं मेनूकार्डाआधी ठरलं पाहिजे.

तर मित्रा, तुझ्यासाठी

मी इतिहास सांगणारी आहे, पैसे गुंतवायला सांगणारी नाही. पण साडेतीनशे वर्षांच्या या मुक्कामांवरून चार गोष्टी सांगते.

एक. पार्टनरला मे महिन्यात दुपारी दोन वाजता जमिनीवर आण. तेव्हाही त्याला जागा आवडली तर बोलणं पुढे ने. धरणाच्या गेल्या दहा वर्षांच्या पातळ्यांची नोंद जलसंपदा खात्याकडे मिळेल. काठ कुठे-कुठे सरकला ते स्वतः चालून बघ.

दोन. सातबारा आणि फेरफार काढ, संपादनाची हद्द कुठे आहे ते मोजणी करून घे, पूररेषा विचार. "सगळे असंच वापरतात" हे वाक्य कोर्टात चालत नाही. आणि जमीन तुझी, पैसा माझा या करारात धंदा बुडाला तर जमीन कोणाकडे राहते, हे वकिलाकडून वाचून घे. पुण्याचा माणूस दुसरीकडे जाईल. तू तिथेच राहणार आहेस.

तीन. पप्पांचा ऊस मोडू नकोस. निदान सगळा नाही. पळशीवाडीनं काय शिकवलं? शेती चालू तर पाहुणा. शेतातल्याच घराला दोन खोल्या जोडून सुरुवात कर. एक हिवाळा, एक उन्हाळा, एक पावसाळा बघ.

चार. पक्षी बघायला येणाऱ्यांना मोठ्या आवाजाचा डीजे आणि रात्रभर लखलखाट नको असतो, पक्ष्यांना तर नकोच. ज्याच्यामुळे धंदा चालायचाय त्यालाच हाकलू नकोस.

पप्पा ऊस काय वाईट म्हणतात, त्यात भीती असेल, पण त्यात चाळीस वर्षांचा अनुभवही आहे. त्यांनी हा काठ पुढे-मागे होताना बघितलाय. त्यांना सोबत घेऊन जमिनीवर फिर आणि विचार, 2016 ला पाणी कुठपर्यंत होतं, 2024 ला कुठे होतं. ते हातानं दाखवतील. तेवढा सर्व्हे तुला कुठली कंपनी करून देणार नाही.

आणि बाकी तुम्ही सगळे. पुढच्या वेळी भिगवणला गेलात तर फ्लेमिंगोचा फोटो काढाच, पण नाव चालवणाऱ्या दादांना एक प्रश्न विचारा: आत्ता आपल्या नावेखाली कुठलं गाव आहे? बहुतेकांना नाव माहीत असतं. काहींचं तर ते स्वतःचंच असतं.

चला, भेटू पुढच्या भागात. हा भाग जमीन विकायच्या किंवा रिसॉर्ट टाकायच्या विचारात असलेल्या मित्राला नक्की पाठवा. काळजी घ्या.